खिंडीतली चुकामूक

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा कुरकुरतो पण ऐकतो, हे वाचून बरं वाटलं. वहिनी म्हणते, तुझ्या अंगात ऐकणारा असा तेवढा एकच अवयव आहे. फोनवर आपण दोन मिनिटांत हमरीतुमरीवर येतो आणि कागदावर शहाण्यासारखे वागतो, म्हणून ही बातमी कागदावरच देते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. काचबिंदू आहे. समोरचं मला लख्ख दिसतं, कडेचं मात्र हळूहळू पुसलं जातंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, थेंब वेळेवर घातले तर उरलेलं टिकेल. पण डोंगर चढायचा असेल तर यंदाच चढा, पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही. हे ऐकलं आणि यांचं कामातलं लक्षच उडालं. संध्याकाळी पाव भट्टीत विसरले आणि सगळी खेप काळी केली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तर यंदा राहिलेला तुकडा उरकू या. लोक ही डोंगरवाट सलग चालायला कुठून कुठून येतात, पाठीवर संसार घेऊन महिनोन्महिने चालतात. आपण दुकानं सांभाळून दर उन्हाळ्यात एकेक टप्पा चाललो, तू तुझ्या टोकाकडून आणि मी माझ्या. आता आपल्या दोघांच्या मध्ये ती खिंड तेवढी उरलीय.

आणि खरं सांगू का, मला खिंडीची एवढी हौस नाही. मला माझा भाऊ माझ्या घरात हवाय. यांनी गिऱ्हाइकांसमोर, तू दुकानात लावून दिलेल्या फळ्यांना वाकड्या म्हटलं, वर दुसऱ्या सुताराकडून रंधा मारून घेतला, ते चुकलंच. पण तू या घराची पायरी चढणार नाही म्हणून जो गेलास तो गेलासच. तुला डोळे भरून बघावंसं वाटतं रे, अजून नीट दिसतंय तोवर. घरी येत नसलास तर डोंगरात तरी ये.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया आहे ती राहू दे, यांच्यावरचा राग जरा सैल कर.

तुझी,
टिल्लू

दि. २० फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र कारखान्यातच वाचलं आणि हातातला रंधा खाली ठेवला. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. तुझी वहिनी म्हणाली, रडायचं तर रड, भुश्शाचं निमित्त कशाला सांगतोस. तिला काही कळत नाही. भुस्सा खरंच होता.

खिंडीत येतो. गुडघ्याला पट्टा आणलाय. पण तुझ्या घराचं नाव काढू नकोस. तुझ्या भट्टीवाल्याला सांग, माझी फळी वाकडी नव्हती, त्याची भिंत वाकडी होती. वाकड्या भिंतीला सरळ फळी लावली की फळीच वाकडी दिसणार, एवढं ज्याला कळत नाही त्यानं पीठ मळावं, सुतारकामात नाक खुपसू नये. माझं म्हणणं संपलं.

आता नीट वाच. तुझ्या बाजूनं खिंडीकडे येताना वाट फुटते. वरची धारेवरून येते, तिथं दगड सुटे आहेत आणि दोन्ही अंगांना दरी. खालची ओढ्याच्या काठानं येते, लांब आहे पण गाईगुरंसुद्धा चालतात. तू खालचीच धर, तुला माझ्या गळ्याची शपथ. मे महिन्याच्या चौदा तारखेला खिंडीतल्या निवाऱ्यावर भेटायचं. आधी पोचेल त्यानं बूड हलवायचं नाही. हे तुझ्यासाठी लिहितोय. लहानपणी जत्रेत मी फुगा आणायला गेलो तर तू मलाच शोधायला निघाली होतीस.

थेंब वेळेवर घाल. आशीर्वाद आहेतच, ते कुणावर रागावून कमी होत नाहीत.

तुझा,
दादा

दि. १५ मे, खिंडीतला निवारा

श्री. भट्टीवाल्यांस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी वाचा आणि मग खुर्चीवर टेका, कारण पुढचं वाचून तुम्हाला बसावंच लागणार आहे.

काल वाट फुटते तिथं आले आणि शपथ मोडली. खाली ओढा, झाडी, सगळं छान, पण तिथं बघायचं ते समोरच. वरच्या धारेवर दोन्हीकडे नुसता मोकळा मुलूख. डॉक्टरीणबाई म्हणतात माझ्या कडा जाताहेत, मग कडा आहेत तोवर जिथं कडाच कडा आहेत तिथून का जाऊ नये? काठी टेकत, दगडांवरचे वाटेच्या खुणेचे पांढरे पट्टे शोधत गेले. मान वळवून वळवून पाहिलं. डाव्या हाताला आपलं खोरं, उजव्या हाताला दादाचं, आणि मधून मी. खूप आनंद झाला हो. भीतीही वाटली, पण ती नंतर आठवली.

निवाऱ्यावर पोचले तर दादा नाही. इथं एक बाई सगळं बघते, चूल, खाटा, वायरलेस. ती म्हणाली, तो एक दिवस आधीच आला होता. सकाळी उठून म्हणाला, बहिणीची नजर अधू आहे, ओढ्यावर दगड निसरडे असतील, सामोरा जातो. आणि खालच्या वाटेनं निघून गेला! मी वर, तो खाली. बूड हलवायचं नाही म्हणून मला दम भरणारा हाच. वाचायचा चष्मासुद्धा खाटेवरच विसरला.

आज सकाळी वायरलेसवर निरोप आला. तो मागच्या निवाऱ्यावर पोचला, पण गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय, परत चढणं शक्य नाही. जीपवाला त्याला आपल्या बाजूला खाली उतरवतोय. पत्ता विचारला तेव्हा आधी गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला म्हणे. मग आपल्या दुकानाचा दिला. दुसरा कुठला देणार?

तर तो तुमच्याकडे येतोय, आणि मी येत नाही. आधी वाटलं, धावत मागे फिरावं. मग विचार केला, मी आले तर तुम्ही दोघं माझ्याशीच बोलाल आणि एकमेकांकडे पाठ करून पाव खाल. मी पलीकडे उतरून बसनं वहिनीकडे जाते. त्याला बघायला जीव तुटतोय माझा, तरी जाते. भांडलात तर भांडा, पण त्याला उपाशी ठेवू नका, आणि पाय उंचावर ठेवायला सांगा.

हे पत्र सामान आणणाऱ्या खेचरवाल्याबरोबर धाडते. थेंब घालतेय. काळजी करा, पण जरा बेतानं.

तुमची,
मी

दि. २१ मे

सौ. घरधनिणीस,
आशीर्वाद लिहावेत की कानउघाडणी, ते ठरत नाही. दोन्ही समज.

तू शपथ मोडून धारेवरून गेलीस त्याबद्दल आल्यावर बोलू. तुझा भाऊ पोचला. जीपवाल्यानं त्याला पिठाच्या पोत्यासारखा आणून दुकानासमोर ठेवला. पायरीकडे बघून तो दोन मिनिटं तसाच उभा. शेवटी मी आणि जीपवाल्यानं उचलूनच आत आणला. आता तो म्हणतो, पायरी मी चढलोच नाही, मला चढवली, त्यामुळे शब्द मोडला नाही. असो.

दोन दिवस आम्ही मांजराशी बोललो. मी मांजराला सांगायचो की चहा झालाय. तो मांजराला सांगायचा की साखर कमी आहे. मांजर कंटाळून शेजारी गेलं. तिसऱ्या दिवशी भट्टीतून येतो तर हा बाबा एका पायावर उभा राहून भिंतीला ओळंबा लावतोय. दोरी आणि वजन कुठून काढलं देव जाणे. मला नुसती दोरी दाखवली. भिंत खाली बोटभर बाहेर आहे. मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, बरं. यावरून तू फार मोठा अर्थ काढू नकोस.

डॉक्टरनं दहा-बारा दिवस प्रवास नको म्हटलंय. हा माणूस घोरतो किती ग. तू कधी येतेस ते कळव. घर ओकं ओकं वाटतं.

तुझा,
भट्टीवाला

दि. २७ मे

श्री. भट्टीवाले आणि ती. दादा, उभयतांस,
यथायोग्य नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र आहे. दादाचा चष्मा माझ्यापाशी आहे आणि मी तो पोस्टानं पाठवणार नाही, काच फुटेल. म्हणजे एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. मांजराला वाचता येत नाही.

मी इथं मजेत आहे. दादाच्या कारखान्यात लाकडाचा वास घेत बसते. वहिनी म्हणते, नवरा नसला की घर केवढं मोठं होतं! पण जेवायला बसली की त्याच्या खुर्चीकडे बघते. मीही मनातून रोज आपल्या घरात जाऊन येते. दादा तिथं कुठं बसत असेल, कुठल्या कपातून चहा पीत असेल, एवढंच डोळ्यांपुढे येतं. इतकी वर्षं हेच तर मागत होते, आणि आता तो तिथं आहे तर मी इथं. हसावं की रडावं?

मला एवढंच कळवा, की दादा गुडघा बरा झाल्यावरही थोडा थांबेल का. मला खोटी समजूत नको. नाही तर नाही म्हणा. वहिनीचा दोघांना नमस्कार, आणि माझी माया दोघांनी भांडण न करता वाटून घ्यावी.

तुमची,
टिल्लू

दि. २ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या भट्टीवाल्याचं आहे, शब्द माझे. मी सांगतोय, तो लिहितोय. (मधे कंसात असेल ते माझं. हा सांगतो फार भरभर.)

तुझं पत्र त्यानं मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला मी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं.)

आता जे सांगणार आहे ते तो लिहायला तयार नव्हता, म्हणून मी आधी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तुमच्या घरातल्या टेबलाच्या, पलंगाच्या, कपाटाच्या कोपऱ्यांना जुन्या पिठाच्या पोत्यांचे तुकडे गुंडाळलेत, तुला माहीत असेल. तुला त्यानं काय सांगितलंय? पॉलिश खराब होऊ नये म्हणून. खोटं आहे ते. कडेचं दिसत नाही म्हणून तुला रोज कुठं ना कुठं लागतं, तू बोलत नाहीस, आणि तो तुझ्या हातावरचे काळेनिळे डाग बघत बसतो. म्हणून पहाटे कामाला लागण्याआधी एकेक कोपरा बांधत होता. सुतळीनं. बायकांच्या वेणीसारख्या गाठी मारून. (मला सुतारकाम येत नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे.)

ते पाहिलं आणि माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. ज्याला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, तो माणूस माझ्या बहिणीसाठी लाकडाशी झगडत होता. मी म्हटलं, मेहुणे, सोडा त्या गाठी आणि कानस आणा. गेले पाच दिवस आम्ही तुझ्या घरातला एकेक कोपरा गोल करतोय. मी बसून घासतो, तो पॉलिश मारतो. वाईट मारतो, पण मारतो. दुकानात गिऱ्हाईक थांबलं तर थांबतं. (गिऱ्हाइकाला मीच सांगितलं, मेहुणे आलेत, आज पाव उशिरा.)

गुडघ्याची सूज उतरली. डॉक्टर जा म्हणाला. मी जात नाही. तू विचारलंस ना थांबशील का? तू येईपर्यंत हलत नाही, आणि या खेपेला खरंच हलणार नाही. तुझ्या वहिनीलाही घेऊन ये, तिलाही सांग की भुस्सा इथंही आहे.

आलीस की किल्ली काढू नकोस. बेल वाजव. मला उठायला वेळ लागेल, तेवढा वेळ पायरीवर थांब. दार मीच उघडणार आहे. (मी भट्टीपाशी असेन. मुद्दामच.)

तुझ्या घरून,
तुझा दादा