चार वाजून दहा मिनिटांची वस्तू

तीर्थस्वरूप बाबांच्या चरणी,

जावयाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो की अजून पहिल्याच पायरीशी वाटाघाटी चालू आहेत, ते कळवावं. सासूबाईंचा रक्तदाब कसा आहे? (माझं नाव काढल्यावरचा नको, एरवीचा.) माझी तब्येत उत्तम आहे. भूक लागते, झोप लागते, आणि या दोन्हींपैकी काहीही नीट मिळत नसतानाही वजन वाढतं, म्हणजे सरकारी नोकराची प्रकृती जशी असायला हवी तशीच आहे.

वजनमापे खात्यातून माझी बदली झाली हे आपल्या कानावर आलंच असेल, पण कुठे झाली हे मी आजवर मोघम ठेवलं होतं. आता सांगतो. आकाशात दिसणाऱ्या आणि कोणालाच न समजणाऱ्या वस्तूंची चौकशी करायला सरकारने एक कक्ष उघडला आहे. त्यात आम्ही चौघं आहोत: साहेब, टायपिस्ट बाई, ड्रायव्हर आणि मी. साहेब मत्स्यव्यवसाय खात्यातून आले आहेत. तीस वर्षं खाली पाण्यात बघत आलेल्या माणसाला निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वर बघायला लावलं, त्यामुळे त्यांची मान आणि मन दोन्ही दुखावलेली आहेत. कार्यालय तळघरात आहे. (खिडकी नाही. आकाश बघायचं झालं तर हालचाल नोंदवहीत नोंद करून वर जावं लागतं.) प्रकरणं निकाली काढायला आमच्याकडे चार रबरी शिक्के आहेत: फुगा, पक्षी, विमान आणि ढग. ‘नजरचूक’ असा पाचवा शिक्का मागवला होता, तो सहा महिन्यांनी आला तेव्हा त्यावर ‘नजराणा’ असं कोरलेलं होतं, म्हणून परत पाठवला. निवृत्त होताना टेबलावर एकही प्रकरण शिल्लक ठेवायचं नाही, एवढीच साहेबांची आयुष्याकडून अपेक्षा. लोक काय काय पाहतात आणि कळवतात हे सांगत बसलो तर कागद पुरणार नाही. एका गृहस्थांनी तर स्वतःच्याच गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीविरुद्ध तीन पानी तक्रार केली होती. तिला कोणता शिक्का मारायचा यावर आमची दुपार गेली. शेवटी ‘ढग’ मारला.

तर या सगळ्यात एक तक्रारदार होते घड्याळजी. म्हातारे, सडपातळ बांध्याचे, जाड चष्म्याचे. त्यांची एकूण एक्केचाळीस पत्रं आमच्याकडे होती आणि सगळ्यांत मजकूर एकच: दर मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या गच्चीसमोरच्या पाण्याच्या टाकीवर एक चंदेरी वस्तू येते, पन्नास सेकंद थांबते आणि जाते. एका पत्रात त्यांनी पन्नासऐवजी बावन्न लिहिलं होतं आणि पुढच्या पत्रात त्याबद्दल माफी मागितली होती. साहेबांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि जाऊन हे एकदाचं मिटवून या म्हणाले. मी पिशवीत चारही शिक्के आणि शाईचा पॅड टाकून निघालो.

घड्याळजी तिसऱ्या मजल्यावर मुलीकडे राहतात. मुलगी औषधांच्या दुकानात काम करते, दुपारी दोनला जाते आणि आठला येते, त्यामुळे घरी ते एकटेच होते. त्यांनी मला चहा दिला आणि सगळं सरळ सांगून टाकलं. वस्तूबद्दल ते पहिल्यांदा घरात बोलले त्या दिवशी मुलीने दुकानातून डोळ्यांचे थेंब आणून दिले. पाचव्यांदा बोलले तेव्हा तिने त्यांची हत्यारांची पेटी उचलून कपाटावर ठेवली, आणि दुरुस्तीला आलेली लोकांची घड्याळं ज्याची त्याला परत करून टाकली. ज्या माणसाला नसलेलं दिसतं त्याच्या हाती लोकांची घड्याळं कशी द्यायची, हे तिचं म्हणणं. बाबा, तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण त्यांचे हात बघवत नव्हते. बोलताना बोटं सारखी चिमट्यासारखी जुळत होती आणि मध्ये काहीच नव्हतं. ते म्हणाले, “मला वस्तूचं काही नको. मला वेड लागलेलं नाही, एवढं कागदावर हवं.”

मी मान हलवली (ही आमच्या कक्षाची ठरलेली मान आहे, तिचा अर्थ काहीच होत नाही) आणि गच्चीवर गेलो. पक्ष्याचा शिक्का आधीच शाईत बुडवून ठेवला होता. चार वाजून दहा मिनिटं झाली आणि बाबा, ती आली. परातीएवढी म्हणावी तर अंतर किती ते कळत नव्हतं. रंग नव्या ॲल्युमिनियमच्या झाकणासारखा. आवाज शून्य. टाकीच्या वर येऊन थांबली, एका बाजूला किंचित कलली, कोणीतरी मान तिरकी करून बघावं तशी, आणि निघून गेली. मला का कोण जाणे, हसू आलं. घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मनगटावरच्या घड्याळात बघून “पन्नास” म्हणाले. खाली आल्यावर लक्षात आलं की शिक्का मी स्वतःच्या तळहातावर मारून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी नियमपुस्तक काढलं, आणि ते मला जास्त लागलं. आमच्या नियमांत असं आहे की चौकशी करणाऱ्याने वस्तू स्वतः पाहिली तर तो साक्षीदार धरला जातो, आणि साक्षीदाराला चौकशी करता येत नाही. म्हणजे माझा जबाब घ्यायला दुसरं कोणीतरी जायला हवं. पुढच्या मंगळवारी टायपिस्ट बाई गेल्या. निघताना मला म्हणाल्या की तुमचा चष्मा बदलायला झालाय. परत आल्या त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत आणि मग नवी रिबन असलेलं मशीन मला वापरायला दिलं, त्यावरून मी काय ते समजलो. त्यांच्यानंतरच्या मंगळवारी ड्रायव्हर गेला. त्याने जबाबात लिहिलं की वस्तूने वळताना हात दाखवला नाही.

आता कक्षात साक्षीदार नसलेला एकच माणूस उरला होता. साहेबांनी वस्तू पाहिली असती तर चौकशी करायला कोणीच राहिलं नसतं, कक्ष बंद पडला असता आणि त्यांचे उरलेले महिने कुठल्या खात्यात गेले असते ते देवाला ठाऊक. पण प्रकरण उघडं ठेवून निवृत्त होणंही त्यांना मान्य नव्हतं. आठवडाभर ते नियमपुस्तक उलटसुलट वाचत होते. चौथ्या मंगळवारी आम्ही सगळे गच्चीवर गेलो. चार वाजून आठ मिनिटांनी साहेबांनी कोटाची बटणं लावली, टाकीकडे पाठ केली आणि ताठ उभे राहिले. चौकशीच्या वेळी तोंड कुठे असावं याबद्दल नियम गप्प आहेत, असं त्यांनी आम्हाला शांतपणे सांगितलं.

घड्याळजी चालत त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“साहेब, मागे वळा.”

“मी चौकशीवर आहे.”

“मी एक्केचाळीस पत्रं लिहिलीत. तुम्ही एकदा वळा.”

साहेब वळले नाहीत. वस्तू वेळेवर आली. घड्याळजी साहेबांच्या डोक्यावरून तिच्याकडे बघत होते, आणि साहेब घड्याळजींकडे बघत होते. मी बाजूला होतो, म्हणून मला दोघांचे चेहरे दिसले. घड्याळजींच्या जाड काचांमध्ये आधी आकाश होतं, मग दोन्ही काचांत एकेक चंदेरी ठिपका आला. साहेबांचा चेहरा हळूहळू असा झाला, जणू तीस वर्षं गळ टाकून बसलेल्या माणसाच्या दोरीला पहिल्यांदा ओढ लागावी. ते अगदी हळू म्हणाले, “जरा चष्मा पुसा. नीट दिसत नाहीये.”

घड्याळजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हनुवटी थोडी वर केली, म्हणजे साहेबांना बरं दिसावं. वस्तू जाईपर्यंत साहेब त्या काचांत वाकून बघत राहिले.

जिना उतरता उतरता साहेबांनी टायपिस्ट बाईंना दोन मजकूर सांगितले. पहिला असा: ‘दिलेल्या वेळी मी आकाशात काहीही पाहिले नाही.’ (हे शब्दशः खरं आहे, कोणीही शपथेवर तपासावं.) त्यावर पक्ष्याचा शिक्का बसला आणि प्रकरण मिटलं. शिक्का मीच मारला, आणि तो उलटा बसला हे फक्त आपल्याला सांगतो. दुसरा मजकूर असा: ‘चौकशीत असे आढळले की तक्रारदाराची नजर, स्मरणशक्ती आणि वेळेचे भान चोख असून त्यांच्या हाती घड्याळ देण्यास शासनाची हरकत नाही.’ खाली साहेबांची पूर्ण सही.

तो कागद घेऊन मी रविवारी गेलो. मुलगी घरी होती. तिने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, मागची बाजू उलटून पाहिली. मग स्टूल ओढलं, वर चढली आणि कपाटावरची पेटी खाली घेतली. घड्याळजींनी पेटी उघडून हत्यारं एकेक करून मोजली आणि बारीक चिमटा कुठाय असं विचारलं. मुलीने मान खाली घालून सांगितलं की भुवयांसाठी घेतला होता. तेव्हा ते हसले, आणि मग चष्मा पुसायला लागले. मी चहाला न थांबता निघालो, कारण माझाही चष्मा पुसायला झाला होता.

हल्ली दर मंगळवारी साडेतीनला साहेब दात दाखवायला म्हणून बाहेर पडतात. त्यांची कवळी आहे हे आम्हा तिघांना माहीत आहे. हालचाल नोंदवहीत मीच ‘दात’ असं लिहितो.

सासूबाईंना नमस्कार. गुडघ्याला जपावं.

आपला एकुलता एक जावई

ता. क. १. आपली कन्या गेले नऊ दिवस आपल्याकडे आहे. तिने कारण सांगितलं असेलच, तरी माझी बाजू अशी: वस्तू पाहून मी घरी आलो त्या संध्याकाळी मी तिला रंग, आकार, कलण्याची पद्धत, सगळं तासभर सांगितलं. पुढचे दोन महिनेही दुसरं काही बोललो नाही. नऊ दिवसांपूर्वी तिने एवढंच विचारलं की माझ्यात काही बदल दिसतो का. मी नीट पाहिलं आणि नाही म्हणालो. तिने केस कापून तेव्हा तीन आठवडे झाले होते.

ता. क. २. मला रविवारी तिला न्यायला यायचं आहे आणि दारातच केसांची स्तुती करायची आहे. तरी आपण तिच्या नकळत पाहून उलट टपाली कळवावं की केस खांद्यापर्यंत आहेत की कानापर्यंत, आणि पुढे कपाळावर काही आहेत का. हे पत्र जपून ठेवावं, म्हणजे फाडून टाकावं.

ता. क. ३. नऊ दिवस एका घरात राहून आपल्याही लक्षात आलं नसेल तर संकोच करू नये. तसं कळवा, मी शनिवारीच येतो. आपण दोघं मिळून सासूबाईंना विचारू.