समोरचे चार दात

१७ जानेवारी १९९९

टॉर्च हलवू नका अक्का, डॉक्टर पुन्हा म्हणाले. मी दोन्ही हातांनी धरला. माझ्या दीपश्रीचा वरचा ओठ कापसानं वर सारलेला. मोहरीएवढं तोंड असलेल्या चमच्यानं ते दात कोरत होते. वीज गेलेली. खाली दुर्गदबैलातल्या दुकानांचे जनरेटर घरघरत होते. डॉक्टर वादिराजांकडे जनरेटर नाही. ह्या कामाला लागत नाही म्हणाले. मशिन लावलं तर ह्या दातांत काही उरायचं नाही. हातानं मऊ तेवढं काढायचं, घट्ट तेवढं ठेवायचं.

निघालं ते तपकिरी, ओल्या भुशासारखं. ते कापसाला पुसत होते. मी कापसाकडे बघत होते, म्हणून टॉर्च हलत होता.

मग पूड आणि दोन थेंब, कागदावर घोटलेले. दातांच्या मधे पारदर्शक पट्टी, लाकडाची बारीक पाचर, वरून व्हॅसलीन लावलेलं बोट. "बाय मुच्चब्याड तंगी, तोंड मिटू नको." ती मिटत नव्हती. डोळे मिटले होते.

आफ्रिकेतल्या खेड्यांतनं असंच करतात म्हणे. दाढेला चांगलं टिकतं. समोरच्या दाताला, तेही कोपरे गेलेल्या — सांगता येत नाही.

"समोरच्या दातांनी तोडायचं म्हणून काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस टिकेल?" मी.

"तोडलं नाही तर बरेच. तोडलं तर आजच पडेल."

दीपश्रीनं आरशात बघितलं. हसली नाही. ओठ वर करून नुसते दात बघितले. चारही पांढरे.

१८ जानेवारी

बघायला येणाऱ्या गोकुळ रोडच्या लोकांना दातांचं सांगायचं का, ह्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. आधीच्या स्थळानं, बेळगावच्या लोकांनी, काय कळवलं होतं — मुलगी चांगली आहे, पण हसली की कसंतरी वाटतं. पत्रात नाही, फोनवर. हे कोर्टात शिरस्तेदार होते. खरं कधी सांगायचं हे त्यांना कळायला हवं. माझ्यावर सोडलं आणि पेपर उघडला.

तिला सत्तावीस पूर्ण झाली.

२६ जानेवारी

शाळेतलं झेंडावंदन आटोपून धावत आले. तिघं आली होती. प्रभंजन, त्याची आई शकुंतलाबाई आणि एक मावशी. वडील नाहीत. गोकुळ रोडला त्याचं वर्कशॉप, पंपाचे भाग करतात. उंच आहे. हात स्वच्छ.

उप्पिट्टु मऊ केलं होतं. मुद्दाम.

मावशी म्हणाली, "मुलगी गप्पच बसते की हो. मराठी येतं ना? का कन्नडच?"

"दोन्ही येतात," दीपश्री म्हणाली. "कुठल्या भाषेत गप्प बसू?"

सगळे हसले. शकुंतलाबाईंना तर ठसका लागला. प्रभंजन हसला नाही. सगळ्यांचं हसून झाल्यावर हसला. तिच्या तोंडाकडे बघत होता. मी घाईनं बश्या उचलल्या.

३० जानेवारी

पसंत आहे म्हणून फोन. हे देवापुढे साखर ठेवून आले. दीपश्री शाळेच्या वह्या तपासायला मदत करत बसली, माझ्या.

१४ फेब्रुवारी

प्रभंजनराव आले. पेरू घेऊन. मोठे, कच्चेच. मी सुरी आणायला उठले तर म्हणाले, "कापून नको. कापला की चव जाते." एक तिच्या हातात दिला. "चाव की."

"नंतर खाते."

"आता खा. मी बघतो."

तिनं सुरी मागितली. त्यांनी सुरी उचलून आपल्या मांडीखाली ठेवली आणि हसले. थट्टाच होती. शेवटी तिनं पेरू बाजूला सारून कडेच्या दातांनी थोडा कुरतडला. खारीसारखी खातेस, म्हणाले.

ते गेल्यावर मी तिचे दात पाहिले. शाबूत होते.

"आई, ते असे का वागतात?"

म्हटलं, पुरुषांना गंमत करायची असते.

२ मार्च

भातात खडा. दीपश्रीच्या डावीकडच्या मोठ्या दाताचा कोपरा गेला. भेगेतून खालचं काळं दिसायला लागलं. शाळेत रजा सांगून तिला घेऊन गेले.

डॉक्टरांनी उरलेलं खरवडलं, पुन्हा भरलं. हा दात आतून मेलाय म्हणाले. लग्नानंतर मूळ साफ करून कॅप बसवू. तेव्हा मशिन लागेल. तोवर हेच.

"लग्न कधी?"

"अठ्ठावीस एप्रिल."

"मुलाला माहीत आहे?"

वीज होती, तरी टॉर्च धरून उभी होते.

"सांगा अक्का," डॉक्टर म्हणाले. "दातच आहेत."

१४ मार्च

दीपश्री आणि प्रभंजनराव उणकलच्या तळ्यावर जाऊन आले. शकुंतलाबाईंनीच सुचवलं होतं. आल्यावर तिनं पाय धुतले, बराच वेळ. काय बोललात? काही नाही, सगळंच बोललो, म्हणाली. भांडलात का? नाही. उलट फार छान वागले. फार छान, असं दोनदा म्हणाली. जेवली नाही.

२१ मार्च

साड्या घेतल्या. दुर्गदबैलात इतकी गर्दी की हातगाडीचं चाक माझ्या चपलेवरून गेलं. दुकानात प्रभंजनराव तिला सारखे म्हणत होते, "हस की जरा. ह्यांना बघू दे माझी बायको कशी हसते." दुकानदार अवघडला. दीपश्री ओठ मिटून हसली. "असं नाही. नीट." पुन्हा. आणि पुन्हा.

मला भीती एवढीच, उजेडात रंग वेगळा दिसतो का. ट्यूबलाइटखाली दातांत भरलेलं सिमेंट जरा निळसर वाटतं. तिला खिडकीपासून दूर बसवलं.

७ एप्रिल

आज शकुंतलाबाईंच्या बोलण्यात आलं. पंगतीनंतर त्यांच्याकडे विडे तोडतात. आमच्याकडेही पूर्वी होतं, मीच विसरले होते. नवरीनं दातांत विडा धरायचा, अर्धा बाहेर. नवऱ्यानं हात न लावता आपल्या दातांनी तोडायचा. मग उलट. भोवती सगळे बघत असतात.

मी म्हटलं, आताच्या मुलांना लाज वाटते, राहू दे की. त्या लगेच बरं म्हणाल्या. भली बाई आहे.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन. आवाज पडलेला. "प्रभंजन ऐकत नाही हो. बाकी काही करू नका म्हणतो, पण विडा पाहिजेच."

मागून ते बोलत होते. शब्द ऐकू आले नाहीत. हसणं आलं.

८ एप्रिल

डॉक्टरांना फोन केला. दातांत धरू नका, ओठांत धरा म्हणाले. पान कोवळं घ्या. आणि पुन्हा तेच — मुलाला सांगा.

आता कसं सांगणार. पत्रिका वाटून झाल्या.

१८ एप्रिल

आज विड्याचा सराव केला. हे बाजारात गेल्यावर. कोवळी पानं, आत काहीच नाही, मधोमध नखानं चीर दिलेली. म्हणजे हात लावताच दोन तुकडे. दीपश्री खुर्चीवर बसली. विडा ओठांत धरला. दुसऱ्या टोकाला मी.

इतक्या जवळून तिचा चेहरा लहानपणी पाहिला होता, ताप बघताना. पापण्या थरथरत होत्या. पहिला विडा सहज तुटला. दुसराही. तिसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग दोघी थांबलो.

"जमलं की," मी म्हटलं.

"तू हळू तोडतेस, आई."

"तेही हळूच तोडतील."

ती उठली आणि पानांचे तुकडे गोळा करून मोरीत टाकून आली. नंतर तिनं विचारलं, "आता लग्न मोडलं तर अप्पांचं काय होईल?" मी म्हटलं, असलं बोलू नये.

२७ एप्रिल

हळद लागली. हसतच नाही ती. बायका म्हणतात, माहेर सुटायचं म्हणून.

२८ एप्रिल

लग्न लागलं.

पंगतीनंतर विडे. माझे विडे ताटात ठेवले होते, ओल्या फडक्याखाली. मावशी त्यातला उचलणार, तेवढ्यात प्रभंजनरावांनी खिशातून स्वतःचा काढला. जाड, दोऱ्यानं गुंडाळलेला. आत अख्खी सुपारी असावी. ह्यानं मजा येईल म्हणाले. मी पुढे झाले. म्हटलं, आमच्याकडचा घ्या, शकुन असतो. "बाई, शाळा सुटली," ते म्हणाले. सगळे हसले.

दीपश्री माझ्याकडे बघत नव्हती. त्यांच्याकडे बघत होती. मग तोंड उघडलं. ओठांत राहण्यासारखा तो विडा नव्हता. दातांतच धरावा लागला.

त्यांनी तोडला नाही. आपल्या दातांत घट्ट पकडला आणि मान मागे झटकली.

टाळ्या. अख्खा विडा त्यांच्या तोंडात. दीपश्रीनं पदर तोंडाला लावला. मी जवळ गेले तेव्हा तिच्या तळहातावर पांढरे तुकडे होते, थोडं रक्त. मावशीनं पाहिलं. शकुंतलाबाईंनी पाहिलं आणि मान खाली घातली. प्रभंजनराव विडा चघळत होते.

पाठवणी झाली. गाडीत बसताना तिनं तोंड उघडलं नाही. हे म्हणतात, आता ती तिच्या घरी. मला ते घर दिसतं, तिला समोर उभी करून विचारताहेत. फसवलं मी आणि जबाब ती देणार. उद्या निरोप येईल, मुलीला घेऊन जा. मी जाईन. सगळं मी केलं म्हणून सांगेन. पाया पडेन. त्याची मला लाज नाही.

२९ एप्रिल

सकाळी दीपश्री रिक्षानं आली. एकटी, हातात काही नाही. त्यांनी पाठवलं का, विचारलं. नाही म्हणाली, मीच आले. दातांचं त्यांना उणकलच्या तळ्यावरच सांगितलं होतं. सगळं.

चहा निववून प्याली. आत झोपली आहे.

गोकुळ रोडहून फोन वाजतो आहे. उचलू का, हे विचारतात. नको म्हटलं.