आमच्यासमोर मोडा

निपाणी,
६ मे २०२३

चि. सुविधास,
आईचे आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

काल बुद्धपौर्णिमेला प्रेमानंद अनगोळहून आलता. खीर खाता खाता तुझा हा दादा बोलून गेला, की तू अमेरिकेत तपासतेस तो कारखाना साबणाचा न्हाय, विषारी वायूच्या बॉम्बचा आहे. मी वाटी तिथंच खाली ठेवली. तीन वर्षं तू मला केमिकलचं काम म्हणून सांगतेस, आणि मी गल्लीभर माझी लेक साबणावर साहेबीण आहे म्हणून मिरवते!

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हसतेस आणि माझा राग विरघळतो. चाळिशीत साक्षरता वर्गात अक्षरं शिकले ती अशा वेळी कामाला येतात.

तुझे आप्पा वखारीत तंबाखू चाळून चाळून गेले. शेवटी त्यांना घराच्या दोन पायऱ्याही चढवत नव्हत्या. एक माणूस धुळीनं गेलं, दुसरं वायूनं जाऊ द्यायचं नाही मला. बेळगावच्या कॉलेजात केमिस्ट्रीची जागा निघालीय म्हणे. राजीनामा दे आणि ये. माया आहे म्हणून ओरडते, हे विसरू नको.

तुझी,
आई


केंटकी, अमेरिका,
२४ मे २०२३

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

आधी कान पकडते. लपवलं, चुकलंच माझं. पण दादानं अर्धंच सांगितलं. इथं बॉम्ब बनत नाहीत गं, संपवले जातात! इथले लोक संपवतात आणि मी सगळ्या देशांनी मिळून काढलेल्या संस्थेकडून बघते, एवढंच माझं काम. विषाच्या खोलीत माणूस जातच नाही, तिथं यंत्रं असतात. मी काचेपलीकडे, पडद्यांसमोर बसून विषारी वायू भरलेलं एकेक रॉकेट मोजते. तू विड्यांचा कट्टा बांधताना पंचवीस मोजायचीस, अगदी तसं.

जगातल्या आठ देशांनी कबूल केलं, की असला साठा आमच्याकडे आहे. त्यातल्या एकानं तर आमचं नाव सांगू नका अशी अट घातली, आपल्या शालूबाई भिशीत घालतात तशी. आपला देशही त्या आठांत होता बरं का! आपण २००९ सालीच सगळा साठा संपवला. एकाच्या कबुलीवर अजून शंका आहे, चार देश असला साठा न ठेवण्याच्या करारातच आलेले नाहीत, ते वेगळं. पण जाहीर झालेल्या साठ्यातलं आता उरलंय ते फक्त अमेरिकेचं, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरचं. आई, थोड्या आठवड्यांत शेवटचं रॉकेट येईल आणि तेव्हा मी इथं असेन! झोप लागत नाही मला आनंदानं.

गंमत म्हणजे इथंही तंबाखू पिकते. आपल्या वखारीसारखी मोठमोठी लाकडी कोठारं आहेत. बाजूनं गेलं की आप्पांच्या सदऱ्याचा वास येतो आणि मी गाडी हळू करते.

तुझा शब्द मोडणार नाही. राजीनामा लिहून सही करून ठेवलाय, तारखेची जागा तेवढी कोरी आहे. शेवटचं रॉकेट संपलं की तारीख घालते. तोवर राग थोडा बाजूला ठेव, परत काढायला हरकत नाही.

तुझी,
सुविधा


निपाणी,
१२ जून २०२३

चि. सुविधास,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मग गल्लीतल्या बायकांना वाचून दाखवलं. शालूबाईंचं नाव आलं तिथं मी खोकले. कुणाला कळलं नाही.

दिपालीनं विचारलं, की इतकं विष आधी बनवलंच कशाला. मी म्हटलं, लेकीला विचारते. तुला येत असेल तर लिही.

माझा प्रश्न दुसराच आहे. ते लोक मोडलं म्हणतात, ते खरंच तुझ्यासमोर मोडतात ना? का नुसता कागद दाखवतात? कागदावर विश्वास ठेवू नकोस. मागल्या दारानं काय जातं ते बघ. आणि राजीनाम्याची तारीख विसरू नकोस, मी विसरलेली नाही.

जेवत जा. दहा हजार मैलांवरूनही मला कळतं तू जेवली नाहीस ते.

तुझी,
आई


केंटकी, अमेरिका,
८ जुलै २०२३

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

संपलं! आई, काल संपलं! शेवटचं रॉकेट पट्ट्यावरून आत गेलं, मी आकडा मांडला, आणि पुढच्या ओळीत मांडायला काहीच उरलं नाही. मग टाळ्या, मिठ्या, रडारड. माझ्याशेजारी तीस वर्षं हेच काम केलेले एक गृहस्थ होते, ते तर चष्मा पुसतच राहिले. मीही लई रडले.

आणि तेव्हा मला तुझा प्रश्न आठवला. समोर मोडतात ना, म्हणून विचारलंस, पण हे मला शिकवलं कुणी ते तुझ्या लक्षात आहे का? तुमच्या विडी कारखान्यातला चेकर चांगल्या विड्या नापास म्हणून टोपलीत टाकायचा, तुमची मजुरी कापायचा आणि संध्याकाळी त्याच विड्या मागल्या दारानं विकायचा. तेव्हा तुम्ही बायका पायरीवर बसलात. नापास करायची तर करा, पण आमच्यासमोर मोडा, म्हणालात. तीन दिवस उठला नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यानं पहिली विडी मोडली, तेव्हा तू मला उचलून धरलंस आणि नीट बघ म्हणालीस. चार वर्षांची होते मी. तेव्हापासून तेच करतेय.

दिपालीला सांग, भीतीनं बनवलं. समोरच्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवं. अणुबॉम्बचंही तेच. नऊ देशांकडे मिळून बारा हजारांच्या वर आहेत, आपला देश धरून. त्यांच्या पायरीवर मोडून घ्यायला अजून कुणी बसलेलं नाही.

मला आमच्या संस्थेच्या मुख्य कचेरीत, युरोपातल्या हेगला बोलावलंय. जिथं शंका आहे तिथं जाऊन तपासायचं काम. मन तिकडं ओढतं, खोटं कशाला सांगू? पण शब्द दिलाय. तुझं पत्र येईपर्यंत तारीख कोरी ठेवते. तू घाल म्हणालीस की घालीन, आणि रुसणार नाही.

तुझी,
सुविधा


निपाणी,
२४ जुलै २०२३

चि. सुविधास,
आईचे आशीर्वाद, या खेपेला पोतंभर. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी अंगणात जाऊन बसले. ती पायरी मला आठवत होती, पण तू कडेवर होतीस हे साफ विसरले होते. मला वाटायचं, माझं काम चूल आणि विडी, तुझं काम कुठलं तरी परदेशी. ते एकच निघालं की गं! सगळ्या बायकांना पुन्हा बोलावलं. त्या पायरीवर माझ्याबरोबर बसलेल्यांतल्या सहाजणी अजून आहेत. वाचून झाल्यावर मंगलनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. शालूबाईंना तर त्या नऊ देशांची नावं लिहून हवी आहेत, आपलं पहिलं लिही म्हणाल्या. तिथं बसायला बायका लागल्या तर सांग, पासपोर्ट कुठं मिळतो ते प्रेमानंदला विचारलंय.

भीती गेलेली नाही. ती जाणार नाही, तिला राहू दे माझ्याजवळ. पण आप्पा असते तर त्यांनी तुला परत बोलावलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

तो राजीनामा फाडून टाक. आणि फाडला असं नुसतं लिहू नकोस, कागदावर माझा विश्वास नाही. सगळे तुकडे पाकिटात घालून पाठव. मी जुळवून बघणार आहे.

तुझी,
आई