शब्दकोशामागची बिस्किटं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा त्यातलं एक अंग कमी धरावं.) तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. आता तुला सगळं स्वच्छ दिसतं म्हणे, म्हणून आधीच सांगतो की माझं अक्षर पहिल्यापासून असंच आहे. थेंब वेळेवर घालतेस ना? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

सूनबाईची रजा येत्या सोमवारी संपते. चिरंजीव जहाजावर, ते सहा महिन्यांनी उगवणार. तेव्हा चौदा महिन्यांच्या आमच्या ठमीला दिवसभर पाळणाघरात ठेवायचं की माझ्याकडे, हा प्रश्न घरात उभा आहे. उमेदवार म्हणून मी आपणहून पुढे झालो. ही गेल्यापासून दुपारचं घर मला खायला उठतं, आणि ठमी असली की उठत नाही, हे तुला सांगायला लाज कसली! पण सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. माझं रक्त तिनंच तपासलं, आणि त्या दिवसापासून घरात गोड म्हणून एक ठमीच उरली. बिस्किटाला हात लावणार नाही, असा मी शब्द दिला होता. (दिला तेव्हा तो खरा होता. पुढे चार दिवस खराच राहिला.)

दरम्यान मी वाचनालयातून बालविकासावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि दोनशे पानी वही घातली. वाटीखाली चेंडू लपवायचा, ठमी वाटी उचलते का बघायचं, तारीख-वार टाकून नोंद करायची. ठमीचे शब्द मोजून सात. त्यांतले चार कुठल्या भाषेतले ते अजून ठरायचं आहे. पुस्तक माझं अर्धंच वाचून झालं होतं, पण तेवढ्यावर मी सिद्धांत मांडला, की या वयात स्मरणशक्ती नसते. पुरावा मी स्वतः. मला माझ्या पहिल्या वर्षातलं काहीएक आठवत नाही. (मी पाळण्यातून डोक्यावर पडलो होतो असं तू सांगतेस, आणि त्याचा परिणाम अजून दिसतो असंही सांगतेस.) आठवण नाही, भाषा नाही! याहून चांगला साक्षीदार माणसाला कुठे मिळणार? शाळेत तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पोरांच्या मोज्यांतून आणि कंपासपेट्यांतून चिठ्ठ्या काढल्या मी. तेव्हा लपवायच्या जागा मला पाठ. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा मी खालच्या फळीवर शब्दकोशामागे ठेवला. सूनबाई दुपारी तासभर पडली, की मी आणि ठमी ‘वाचायला’ बसत असू.

परवा पाळणाघरवाल्या बाई ठमीला बघायला आल्या. सूनबाईनं त्यांना चहा दिला आणि मला नुसता चहाचा वास. ठमीचा विकास माझ्या हाताखाली किती झाला आहे हे दाखवायची मला अवदसा आठवली. मी म्हटलं, ठमे, आजोबा दुपारी काय करतात ते दाखव बरं. माझी अपेक्षा, ती पुस्तक उघडून बोट फिरवील. ठमी उठली. कमरेवर हात ठेवून ‘आई गं’ म्हणाली. (हा तिचा आठवा शब्द. तोवर वहीत नव्हता.) आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं, शब्दकोश दोन्ही हातांनी ओढून पाडला, मागे हात घालून पुडा काढला. (मधे तिनं आणखी एक गोष्ट केली, ती इथं महत्त्वाची नाही.) मग बिस्किटाचे दोन भाग केले, क्रीम चाटलं, नसलेल्या मिशा पुसल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि शब्दकोशावर बोट फिरवत बसली.

एवढ्यावरही निभावलं असतं गं. पुडा जुना आहे, उंदरांसाठी आहे, काहीही म्हणता आलं असतं. पण सूनबाई चार दिवस दुपारची झोपलीच नव्हती, म्हणजे ठमीनं हे सगळं चार दिवस डोक्यात जपून ठेवलं होतं! मला राहवेना. मी ओरडलो, चार दिवस! बघितलंत? शब्द नाही तोंडात, तरी चार दिवस! बाईंना खरं वाटेना, म्हणून मी धावत जाऊन वही आणली आणि उघडून दिली. ‘गुरुवार. दुपारी तीन. बिस्किटं दोन. ठमी टक लावून पाहत होती.’ माझ्याच सुवाच्य अक्षरात. सूनबाईनं वही शेवटपर्यंत वाचली आणि ‘विचार करून सांगते’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. घास कारल्याचा असतो, हे एक कारण झालं; भीती हे दुसरं.

तुझा,
धाकटा

ता. क. – सूनबाई तुझा शब्द मोडत नाही. मी भरवशाचा माणूस आहे असं दोन ओळींत तिला लिही. लहानपणी साय मी खायचो आणि बोलणी मांजर खायचं, हे लिहू नये.

ता. क. २ (शुक्रवार) – पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात सूनबाईनं पत्र वाचलं. म्हणाली, “बाबा, मधली गोष्ट गाळलीत की.” लिहितो. फळीवर हिचा फोटो आहे. खाण्याआधी मी बिस्कीट त्याच्यापुढे धरतो, खाऊ का विचारतो, आणि तिच्या वतीनं मीच मान डोलावतो. ठमीनंही बिस्कीट धरलं, मान डोलावली. तेव्हा सूनबाई उठून थोडा वेळ आत गेली होती. मला वाटलं, रागानं. आज तिनं बाईंना नाही म्हणून कळवलं. ठमी माझ्याकडे! अट एकच. रोज संध्याकाळी ती ठमीला विचारणार, आजोबांनी आज काय केलं ते दाखव. तेव्हा शिफारस नको.

ता. क. ३ (सोमवार, संध्याकाळ) – आज सूनबाई कामावर गेली. मी ठमीदेखत गोळी घेतली, फळीकडे फिरकलो नाही आणि हे पत्र हसतखेळत पुन्हा पहिल्यापासून सुवाच्य लिहून काढलं. संध्याकाळी सूनबाईनं ठमीला विचारलं. तिनं जमिनीवर बसून कागदावर बोट फिरवलं, मधेच फळीकडे बघितलं, आणि दोन्ही मुठींनी डोळे पुसले. तेव्हा ‘हसतखेळत’ हा शब्द तू खोडून घे.