काहीच घडू नये म्हणून

३ मार्च

आजही नाही. अठ्ठावीस टक्क्यांवर अडून बसलंय.

जेवताना बाबांनी विचारलं, "तुमच्याकडे नक्की व्हायचं असतं काय?" सांगितलं. प्रकाशाचे दोन कण दोन बाजूंनी एका अर्ध्या आरशावर, म्हणजे निम्मा प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या आरशावर, सोडायचे. कण तंतोतंत सारखे असले, एकाच वेळी पोचले, तर दोघे एकाच बाजूने बाहेर पडतात. मग दोन बाजूंना कण मोजणारे जे दोन शोधक असतात, ते एकदम टिकटिकत नाहीत. असे सारखे कण जमले, तरच आमचा प्रकाशावर चालणारा संगणक पुढे सरकेल.

बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. म्हणाले, "म्हणजे टिकटिक थांबली की तुमचं काम झालं?"

"हो."

"आमचं तेव्हा सुरू व्हायचं."

५ मार्च

निवड समिती चोवीसला येणार. माझा करार एकतीसला संपतो. हा चौथा. पाचवा कुणालाच देत नाहीत. एकदम होणारी टिकटिक दहा टक्क्यांच्या खाली आणली, तर कायमची जागा. नाही तर अकरा वर्षांचा गाशा गुंडाळायचा.

भाऊजींनी ताईकरवी निरोप पाठवलाय — चष्म्याच्या दुकानात ये. "तेही प्रकाशाचंच काम आहे." थट्टा नव्हती. तेच वाईट.

९ मार्च

खोलीला काळे पडदे, दाराला काळे पडदे, तरी कुठून तरी उजेड येतोय. आज सापडला! प्रत्येक यंत्रावर एक इवलासा हिरवा दिवा. आपण चालू आहोत हे न विचारता सांगणारा. काळी चिकटपट्टी घेतली आणि एकेकाचं तोंड बंद केलं. शेवटची चार-पाच तोंडं तर पडदे ओढून, अंधारात चाचपडत. फार समाधान वाटलं.

१२ मार्च

शून्य!!

आलेख सरळ जमिनीला टेकलेला. आमचा मिस्त्री — टेबलावर आरसे बसवतो, वीस वर्षांत कशालाही चांगलं म्हटलेलं नाही — तो म्हणाला, "बरंय." मोठ्या बाईंनी मिठी मारली. (आमच्या प्रमुख. समोर मॅडम.) त्यांच्या गळ्यातला चष्मा माझ्या बरगडीत रुतला. पाच मिनिटांत समितीला मेल गेली, आलेखासकट.

बाबांना फोन केला. "टिकटिक थांबली!"

"वा! चावी दिली होतीस ना?"

१३ मार्च

आरसा केसभर सरकवला की दोन कण मागे-पुढे पोचतात. टिकटिक परत यायला हवी. काल आनंदात कुणी सरकवलाच नाही. आज सरकवला. शून्य. आणखी सरकवला. शून्य. मिस्त्रीने तर चक्क बोटभर सरकवला. शून्य.

मिस्त्री टॉर्च घेऊन वाकला. उजव्या शोधकाच्या तोंडावर काळी चिकटपट्टी. चारही कोपरे दाबून लावलेली.

"काम सफाईदार आहे," तो म्हणाला.

प्रत्येक शोधक स्वतःपुरते किती कण मोजतो, ते पडद्यावर एका चौकटीत दिसतं. ती चौकट मीच मिटवली होती. आलेख मोठा दिसावा म्हणून!

१४ मार्च

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, मिस्त्रीला. आता तुम्हाला."

"मिस्त्री तर बोलतच नाही. चोवीसच्या आत खरोखर खाली आण. मग सांगायला काही उरणारच नाही."

१५ मार्च

पट्टी काढली. अठ्ठावीस.

१९ मार्च

एकवीस. चार दिवसांत मिस्त्रीचे आणि माझे दोनच शब्द झाले. "अजून" आणि "पुरे".

२३ मार्च

चौदा. याच्या खाली येत नाही. आम्ही आरशांना नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवलाय.

मोठ्या बाई म्हणाल्या, "शून्याचा आलेख त्यांच्याकडे आहेच. तू खोटं बोलू नकोस. फक्त तो विषय काढू नकोस."

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चौदा खरे?"

"खरे."

"मग चेहरा असा का?"

"दहा हवेत."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "चार जास्त आहेत खरे," म्हणाले. त्यांच्याकडूनही धीर मिळाला नाही.

२४ मार्च

पहिला आलेख तोच होता, शून्याचा. बाईंनीच क्रम लावून दिलेला. पाच माणसं कौतुकाने बघत होती. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "हा चिकटपट्टीचा आलेख आहे."

बाईंनी डोळे मिटले.

सगळं सांगितलं. चौघे हसले. समितीचे अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेने सहा वर्षांपूर्वीच दोन टक्के गाठलेत. तुमच्या चौदाचं मी काय करू?"

"आरसा सरकवल्यावर तुमचं परत कितीवर चढतं?" मी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाई, मुलाखत तुमची आहे."

२७ मार्च

पत्र आलं. नाही. "आपल्या कार्याविषयी आदर" हे एका पानात दोनदा.

मिस्त्रीला दाखवलं. त्याने पूर्ण वाचलं, घडी घालून परत दिलं. मग स्वतःचा स्क्रूड्रायव्हर माझ्या खोक्यात टाकला. "चष्म्याला लागतो," म्हणाला. म्हणजे सगळ्यांना कळलंय.

२८ मार्च

भाऊजींना होकार दिला. एक एप्रिलपासून. "आपल्याकडे उजेड भरपूर आहे हं," ते म्हणाले. ताई मागून, "अहो, गप्प बसा."

३१ मार्च

अध्यक्षांचा फोन. स्वतः, थेट, आवाज खाली आणून. त्यांचा जुना संच अजून तसाच मांडलेला आहे म्हणे. आज दुपारी त्यांनी आरसा सरकवला.

"दोनच राहतात हो."

मग — "एकट्याने उघडून बघायचा धीर होत नाही. उद्या येता का?"