शारदा माहेरी पोचली होती

नाशिक, गुरुवार, १९८७

दीड वर्षाने ती मालिका आज परत सुरू झाली. बघवली नाही.

सासूबाई कळवणच्या, हिंदी त्यांना कळायचं नाही. जाहिराती लागल्या की मी भराभर मराठीत सांगायचे. मग मालिका मधेच थांबली, तिची नायिका शारदा माहेरी जायला पोराला कडेवर घेऊन बस स्टँडवर उभी. सासूबाईंनी अंथरूण धरलं, तरी दर गुरुवारी विचारायच्या, "ती पोर माहेरी पोचली का गं?" किती वेळा नाही म्हणायचं? एकदा म्हटलं, पोचली. मग पुढचं मीच रचत गेले. भावाने घरात घेतलं, शिलाई मशीन आणून दिलं. "लय बरं झालं," म्हणाल्या. शिमग्याच्या आधी गेल्या.

आणि आज काय, तर शारदा म्हणून भलतीच बाई उभी, अन् भाऊ तिला दारातूनच हाकलतो! आमचे हे म्हणाले, "बघ की, एवढी वाट बघत होतीस."

मी बघत होते?

जाहिरात लागली तशी सवयीने सासूबाईंच्या रिकाम्या खाटेकडे वळले. काय सांगणार होते मी तिथे? उठून टीव्ही बंद केला.

सासूबाईंची शारदा माहेरीच आहे. तिला तिथून कोणी हलवायचं नाही.