न भरणारी टाकी

५ मार्च
एकदाचं घर लागलं. सामान लावता लावता कंबरेचा काटा ढिला झाला, पण मी खूश आहे. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, मागे अंगण आणि अंगणात आपली स्वतःची विहीर. पंप लावला की पाणी थेट नळाला. आमची ठकी दिवसभर नळाखाली हात धरून बसली होती. घरमालकीणबाई चावी देताना म्हणाल्या, पाणी असं गोड आहे की उकळायचीही गरज नाही. आणि विहिरीपलीकडची संडासाची टाकी इतक्या वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. म्हटलं, चला, तेवढीच कटकट वाचली. नवरा म्हणतो, फुकटचं काही मिळालं की तुझा चेहरा खुलतो. खुलतोच मुळी.

९ मार्च
या घरात पेला उभा राहत नाही. ठकीसाठी पाणी भरून ठेवावं, पाठ फिरवावी, की झाला आडवा. विचारलं तर म्हणते, तो मुलगा सांडतो. कुठला मुलगा, तर ओल्या हातांचा. आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारायला बरी शिकली कार्टी. टेबलावर छोट्या पंजाचा ओला ठसा होता. ठकीची करंगळी वाकडी आहे, थेट माझ्या सासूबाईंची. ठशातली सरळ होती. पण पाण्याचा ठसा, पसरला असेल.

१३ मार्च
ठकीला जुलाब, उलट्या. डॉक्टरांनी सांगितलंय, साखर-मिठाचं पाणी पाजत राहा, थांबू नका. मी पेला भरते, तो सांडतो. आज तर माझ्या हातातून गेला, कुणी हिसका दिल्यासारखा. भीती वाटली, पण संताप जास्त आला. पोर सुकत चाललीय आणि हा एक घोट पोटात जाऊ देत नाही. रिकाम्या खोलीत ओरडले, चालता हो, माझ्या लेकीजवळ पुन्हा फिरकलास तर याद राख.

१४ मार्च
पेला सांडत नाही. गेला वाटतं. ठकीला वाटी वाटी पाणी पाजतेय. नको म्हणते, तरी मांडीत धरून, नाक दाबून.

१५ मार्च
उतार नाही. डोळे खोल गेलेत. नळाच्या पाण्याला वास येतोय म्हणून नळवाल्याला बोलावलं. टाकी कधीच भरत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ताई, भरत नाही म्हणजे घाण कुठेतरी जातेय. त्याने संडासात कपड्यांची नीळ ओतली, भरपूर. उद्या नळ बघा म्हणाला, तोवर थेंबही नको. आधीच्या भाडेकरूंचा मुलगा जुलाबानेच गेला, तेही त्यानेच सांगितलं.

१६ मार्च
नळ सोडला.
निळं.
आमचीच घाण. विहिरीत. आणि मी तिला स्वतःच्या हातांनी, नाक दाबून—
तो वाचवत होता. दर वेळी सांडत होता. मी त्याला हाकलून दिलं.
नवरा ठकीला घेऊन हॉस्पिटलात गेलाय. मला उठवत नाही. माझंही पोट—

१७ मार्च
फोन नाही. ताप. घसा जळतोय. तांब्यात परवाचं पाणी आहे, दिसतं तरी स्वच्छ. एकच घोट—

पेला उडाला. हातातून.
आला. परत आला तो, माझ्यासाठी.

टेबलावर ठसा आहे. सरळ करंगळीचा.
शेजारी अजून एक. त्याहून लहान. ओला. करंगळी वा—